ग्राफिक्स कार्ड: गरज की हट्ट?

बडोद्याच्या एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र समोर आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि मुलाचे वर्ग घरातून सुरू झाले, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. आता मुलगा कॉलेजात जातो. त्याच कॉम्प्युटरवर सकाळी त्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका तयार करतात, दुपारी यजमान दुकानाचा हिशेब घालतात आणि रात्रीची जेवणे आटोपली की तो मुलाच्या ताब्यात जातो. गेले सहा महिने मुलाचा एकच धोशा आहे, ग्राफिक्स कार्ड हवे.

"शिकवणीच्या पैशांतून बाजूला टाकलेले सोळा हजार रुपये माझ्याजवळ आहेत," त्या लिहितात. "ओळखीचा दुकानदार म्हणतो, साडेपाच हजारांत ४ जीबीचे कार्ड बसवून देतो, सगळे गेम पळतील. मुलगा म्हणतो, ते कार्ड फुकट मिळाले तरी नको. खरे कोणाचे? आणि ही वस्तू मुळात लागते का, की मित्राकडे आहे म्हणून हवी?" पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे: "मला यातले काही कळत नाही हे दोघांनाही ठाऊक आहे, त्यामुळे दोघेही माझ्याशी जरा मोठ्या आवाजात बोलतात."

या एका वाक्यासाठी आजचे सदर मी पूर्णपणे याच विषयाला देत आहे. बाईंनी एक काम मात्र फार शहाणपणाचे केले. २०२० च्या बिलाची झेरॉक्स पत्रासोबत पाठवली. त्यामुळे हवेत बोलण्याची गरज उरली नाही. बिलात लिहिले आहे: इंटेलचा आय-३ १०१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एक स्टिक, १ टीबीची हार्ड डिस्क आणि '४५० वॉट एसएमपीएससह कॅबिनेट'. यातली प्रत्येक ओळ पुढे उपयोगी पडणार आहे.

आधी हे कार्ड करते काय ते पाहू. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. साध्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचे तर एका सेकंदात १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. प्रश्नपत्रिका टाइप करताना यातले जवळजवळ काहीच बदलत नसते. गेममध्ये मात्र गाडी जरा वळली की रस्ता, सावली, आकाश, सगळेच बदलते. लग्नघरी पाचशे पानांच्या पुऱ्या मुख्य आचारी एकटा लाटत बसत नाही. वीस-पंचवीस जणी पोळपाट घेऊन ओळीने बसतात, काम सोपे, पण एकाच वेळी अनेक हातांनी. कॉम्प्युटरचा प्रोसेसर हा मुख्य आचारी आणि ग्राफिक्सची चिप म्हणजे ती लाटणाऱ्या बायकांची ओळ.

ही ओळ पूर्वी प्रोसेसरच्या बाहेरच बसवावी लागे. मदरबोर्डावर जुजबी सोय असे आणि जरा बरे चित्र हवे तर कार्ड विकत घ्यावे लागे. साधारण २०११ पासून इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांनी ग्राफिक्सची चिप प्रोसेसरच्याच पोटात घालायला सुरुवात केली. "कार्डाशिवाय कॉम्प्युटर अपुरा" हा सल्ला त्याआधीच्या काळातला आहे. काळ गेला, सल्ला तेवढा मागे राहिला.

बाईंच्या आय-३ मध्ये यूएचडी ६३० नावाची अशी चिप आहेच. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर असते, म्हणजे १०१००एफ, तर ती नसती आणि मग चित्र दिसण्यासाठीच कार्ड लागले असते. एएमडीच्या जुन्या रायझेन प्रोसेसरांत उलटा प्रकार आहे. तिथे शेवटी 'जी' असेल (३२००जी, ५६००जी) तर ग्राफिक्स आत आहे असे समजावे. ७००० मालिकेपासून पुढे, 'एफ' वगळता, बहुतेकांत थोडे का होईना ते असतेच. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी घरचे बिल काढून हे शेवटचे अक्षर पाहावे.

टायपिंग, हिशेब, ईमेल, व्हिडिओ कॉल, सिनेमा, यातल्या एकाही कामाला वेगळे कार्ड लागत नाही. कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच मिनिटे घेतो, फाइल उघडताना गोल चक्र फिरत राहते, ही तक्रार घेऊन दुकानात जाणाऱ्या कितीतरी घरांत ग्राफिक्स कार्ड विकले जाते आणि चक्र फिरतच राहते, कारण दोष हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली की तोच कॉम्प्युटर निराळा वाटू लागतो. बाईंच्या बिलात एसएसडी नाही. साऱ्या घराला जाणवेल अशी पहिली सुधारणा तीच.

आता दुकानदाराच्या कार्डाकडे वळू. या किमतीच्या आसपास '४ जीबी' म्हणून विकली जाणारी कार्डे बहुधा एनव्हिडियाची जीटी ७३०, आणि त्याहून स्वस्त ती जीटी ७१०. पहिले २०१४ चे, दुसरे २०१६ चे. खोका नवा कोरा, प्लास्टिकचे सीलही शाबूत, पण आतली चिप जुन्या पिढीची. या केपलर पिढीसाठी नवे गेम-ड्रायव्हर काढणे कंपनीने २०२१ मध्ये थांबवले आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही सप्टेंबर २०२४ पर्यंतच दिल्या. जीटी ७३० च्या नावाखाली तर याहूनही जुन्या पिढीची चिप असलेली कार्डे विकली गेली आहेत.

मग '४ जीबी'चे काय? इथेच बहुतेक पालक फसतात. गच्चीवर चार हजार लिटरची टाकी आहे, पण खाली येणारा पाइप अर्ध्या इंचाचा. स्वयंपाकघरात नळ सोडला तर धार बारीकच येणार. जीबीचा आकडा टाकीचा आहे. गेमचा वेग पाइपावर ठरतो आणि पाइपाचा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरात कधी छापलेला नसतो. डीडीआर३ रॅमच्या जीटी ७३० कार्डाचा पाइप सेकंदाला सुमारे १४ जीबीचा. २०१९ मध्ये आलेल्या जीटीएक्स १६५० चा १२८ जीबीचा. टाकी दोन्हींकडे ४ जीबीचीच! गंमत अशी, की बाईंच्या प्रोसेसरला साधी २६६६ वेगाची एक रॅम स्टिक सेकंदाला २१ जीबी पुरवते आणि दोन स्टिक लावल्या तर ४२. म्हणजे साडेपाच हजार देऊन घरातल्या पाइपाहून बारीक पाइप आणायचा.

काही गेममध्ये हे कार्ड यूएचडी ६३० च्या थोडे पुढे जाईल, हे नाकारत नाही. पण त्या पैशांएवढा फरक डोळ्यांना दिसणार नाही, आणि घरात रायझेन ५६००जी असेल तर त्याच्या पोटातली चिपच या कार्डांना मागे टाकते. शिवाय एक तोटा कोणी सांगत नाही. यूट्यूब आणि इतर ठिकाणचे बरेचसे व्हिडिओ व्हीपी९ किंवा एचईव्हीसी पद्धतीने आवळलेले असतात. ते उलगडण्याची सोय यूएचडी ६३० मध्ये आहे, केपलर कार्डांत नाही. कार्ड लावल्यावर तो भार उलट प्रोसेसरवर पडतो. सारांश, या भांडणात मुलाचे म्हणणे बरोबर आहे. अशा कार्डांचा उपयोग एरवी नाही असे नाही. प्रोसेसर 'एफ'चा असेल, किंवा मदरबोर्डावरचे मॉनिटरचे सॉकेट जळाले असेल, तर कॉम्प्युटर चालता ठेवायला ती पुरतात. गेमसाठी म्हणून विकू मात्र नयेत.

जीटी १०३० चे आणखी एक त्रांगडे आहे. २०१७ मध्ये ते आले तेव्हा त्यात जीडीडीआर५ मेमरी होती, पाइप ४८ जीबीचा. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ चे कार्ड निघाले, त्याचा पाइप १७ जीबीचाही नाही. नाव तेच! खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत डीडीआर४ लिहिलेले असेल तर तो खोका काउंटरवरच परत ठेवावा.

मुलगा बरोबर निघाला म्हणून त्याला लगेच कार्ड घेऊन द्यावे असेही नाही. तो खेळतो काय, हे आधी कळायला हवे. पत्रात तीन नावे आहेत: मित्रांबरोबर वॅलोरंट, एकट्याने जीटीए ५, आणि कधीमधी वडिलांबरोबर जुने क्रिकेट ०७. (२००६ साली निघालेला हा गेम आपल्याकडची घरे अजून सोडायला तयार नाहीत. मीही सोडलेला नाही.) क्रिकेट ०७ कशावरही चालतो. वॅलोरंट २०२० मध्ये आला तेव्हा कंपनीने किमान गरज म्हणून २०१२ च्या काळातली इंटेल एचडी ४००० सांगितली होती. यूएचडी ६३० त्याच्या पुढची आहे, तेव्हा सेटिंग उतरवून तो कार्डाशिवाय खेळता येतो. राहता राहिला जीटीए ५. तो नीट दिसावा असे वाटत असेल तर कार्डाची मागणी रास्त आहे.

खात्री करण्याचा उपाय फुकट आहे आणि तो बाईंनी स्वतः करावा असे मला वाटते. मुलगा खेळत असताना शेजारी बसावे. खेळ ऐन रंगात आला की त्याला एक मिनिट थांबवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबायला सांगावीत. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' या पानावर सीपीयू, मेमरी, डिस्क आणि जीपीयू असे आलेख दिसतात. नुकत्याच संपलेल्या मिनिटाची रेघ तिथे असते. जीपीयूची रेघ छताला टेकलेली आणि बाकीच्या निवांत, तर अडचण ग्राफिक्सची आहे. मेमरीची रेघ छताला, तर रॅमची. डिस्कची, तर हार्ड डिस्कची. याच पानावर मेमरीवर क्लिक केले की 'स्लॉट्स यूज्ड' या शब्दांपुढे '१ ऑफ २' दिसेल. म्हणजे दुसरी जागा मोकळी आहे. तिथे तेवढीच आणि त्याच वेगाची दुसरी स्टिक लावली की रॅम दुप्पट होते आणि वर सांगितलेला पाइपही दुप्पट रुंद होतो. प्रोसेसरच्या पोटातल्या चिपला स्वतःची मेमरी नसते, ती घरच्या रॅमवरच जगते. त्यामुळे या एका स्टिकने गेममध्ये जेवढा फरक पडतो तेवढा जीटी ७३० नेही क्वचितच पडेल. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, हे मात्र ध्यानात ठेवून दोन-तीन ठिकाणी विचारावे.

एवढे करूनही जीपीयूची रेघ छतालाच राहिली तर कार्ड घ्यावे, आणि मग जिथे खरा फरक पडतो त्या पायरीचे घ्यावे. मधल्या पायऱ्यांवर पैसे अडकतात.

कोणत्या पायरीचे, हे ठरवतो कॅबिनेटमधला एसएमपीएस. घरी येणारी वीज कॉम्प्युटरच्या भागांना वाटून देणारा हा डबा. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून निघणारी सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर लागते. कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्त एसएमपीएसला ती नसतेच असे अनेकदा आढळते. त्याच्या अंगावरचा ४५० हा आकडाही जसाच्या तसा धरू नये. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि १२ ने गुणावे. १८ अँपिअर असतील तर कार्ड आणि प्रोसेसर यांच्या वाट्याला येणारी वीज होते २१६ वॉट. 'जोडवायर लावून भागवू' असे कोणी म्हणाले तर साफ नको म्हणावे. स्वस्त एसएमपीएस जळताना कधी कधी मदरबोर्डालाही बरोबर नेतो.

म्हणून अशा कॉम्प्युटरला मला ७५ वॉटांच्या आतले, वेगळी वायर न लागणारे कार्ड योग्य वाटते. जीटीएक्स १६५० च्या अनेक मॉडेलांना ती लागत नाही. त्याहून नवे आणि उजवे म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे रूप. ते ७० वॉटांवर चालते, जीटीए ५ त्यावर आरामात धावतो, कॉलेजच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट करायलाही त्याची मदत होते. इथेही नावाचा घोळ आहेच. याच नावाचे ८ जीबीचे कार्ड २०२२ मध्ये आले होते. ते जास्त ताकदीचे, पण १३० वॉट खाणारे आणि वेगळी वायर मागणारे. फरक केवळ २ जीबीचा नाही.

एएमडीचे आरएक्स ६४०० कमी विजेवर चालते, पण ते मदरबोर्डाशी चारच वाटांनी जोडले जाते. नव्या मदरबोर्डावर या वाटा रुंद असतात, २०२० च्या आय-३ बरोबरच्या मदरबोर्डावर त्या निम्म्या रुंदीच्या. त्यामुळे अशा कॉम्प्युटरमध्ये त्याची चाल मंदावते. व्हिडिओ बनवण्याची यंत्रणाही त्यात नाही. इंटेलचे आर्क ए३८० व्हिडिओच्या कामाला छान आहे, मात्र त्याला मदरबोर्डावर 'रिसायझेबल बार' नावाची सोय चालू असावी लागते. जुन्या बोर्डांवर ती नसते. एसएमपीएस चांगल्या कंपनीचा आणि दमदार असेल, किंवा बदलायची तयारी असेल, तर एएमडीचे ८ जीबीचे आरएक्स ६६०० विचारात घ्यावे. गेल्या दोन-तीन वर्षांतले जड गेम खेळणाऱ्यांसाठी मी तिथूनच सुरुवात करेन. पण तो 'हलका-फुलका खेळ' राहत नाही.

आणखी दोन अडचणी, ज्या पैसे दिल्यावरच लक्षात येतात. घरचा मॉनिटर जुना, निळ्या टोकाच्या व्हीजीए वायरचा असेल तर ती वायर नव्या कार्डात जात नाही. तिथे एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट एवढेच असते. वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. आणि ऑफिसांतून निवृत्त होऊन बाजारात येणारे ते चपटे कॉम्प्युटर ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी टेप घेऊन आतली जागा मोजावी. तिथे अर्ध्या उंचीचेच कार्ड बसते. लॅपटॉपमध्ये तर नंतर कार्ड घालण्याचा प्रश्नच नाही.

जुने कार्ड घ्यावे का, असे मुलाने विचारले असल्याचे पत्रात आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरचे 'खाणकाम' बंद झाले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे ढिगाने बाजारात आली. त्यातली सगळीच वाईट नसतात. पण गॅरंटी नाही, बिल नाही, आणि नावावर विश्वास ठेवता येत नाही. आरएक्स ५८० म्हणून विकली जाणारी '२०४८ एसपी' कार्डे आतून आरएक्स ५७० असतात. काही महाभाग तर जुनाट कार्डातला प्रोग्रॅम बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआय म्हणवायला लावतात. जीपीयू-झेड हा फुकट प्रोग्रॅम असली बरीच सोंगे ओळखतो. तो चालवून, अर्धा तास गेम लावून पाहू देत असेल तरच पुढे बोलावे. शिकवणीच्या पैशांतून घेताना मी तरी नवे, जीएसटीच्या बिलाचे कार्ड घेईन. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, जे जवळ असेल तिथे तीन दुकानांत भाव विचारावा. हे भाव आठवड्याला हलतात, म्हणून इथे आकडे छापत नाही.

बाईंना मी पत्रोत्तरात कळवले ते असे. साडेपाच हजारांचे कार्ड घेऊ नका. सोळा हजारांतून आधी एसएसडी आणि रॅमची दुसरी स्टिक घ्या, ती तिघांच्याही कामाची आहे. मग महिनाभराने मुलाबरोबर बसून तो आलेख पुन्हा पाहा. जीपीयूची रेघ तेव्हाही छताला असेल तर उरलेल्या पैशांत किती भर घालायची ते ठरवा. त्यातला काही वाटा मुलाने उचलावा, असे माझे मत आहे. धाकट्या मुलांच्या शिकवण्या तोही घेऊ शकतो.

आणि कार्ड आलेच, तर बसवल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या जुन्या सॉकेटमधून काढून कार्डाच्या सॉकेटमध्ये घालायला विसरू नका. जुन्या जागीच राहिली तर बऱ्याचदा चित्र येते, पण ते जुनीच चिप काढत असते. माझ्या घरी ती दोन आठवडे तशीच होती, आणि तेवढे दिवस मी भेटेल त्याला नव्या कार्डाचे कौतुक सांगत होतो.